‘नीटची बॅच कधी सुरू होते?’

प्रश्न

जुळे सोलापूर भागात राहणाऱ्या एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव दिलेले नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. पुण्यातील एका खासगी कंपनीच्या मनुष्यबळ विभागात १४ वर्षे काम केल्यानंतर, सासूबाईंच्या आजारपणामुळे त्या कुटुंबासह सोलापूरला परतल्या. येथे आल्यावर त्यांनी व्यावसायिक कोचिंगचे रीतसर प्रशिक्षण घेतले. घरचा धंदा नव्याने हाती घेणारे तरुण, हाताखाली पहिल्यांदाच माणसे आलेले अधिकारी अशांना एकेकटे भेटून मार्गदर्शन करण्याचा व्यवसाय त्यांनी सुरू केला. दोन वर्षांपूर्वी मावसभावाने वेबसाइट करून दिली. महिन्याला ४०० च्या आसपास लोक ती उघडतात असे आकडे सांगतात. पण तिच्यावरचा अर्ज कुणीच भरत नाही, आणि जे थोडे फोन येतात त्यांतले निम्मे ‘नीटची बॅच कधी सुरू होते?’ असे विचारणारे असतात. दोन वर्षांत ७ ग्राहक मिळाले, त्यांतले ५ ओळखीतून. पुण्याच्या एका एजन्सीने नव्या ‘प्रीमियम’ वेबसाइटसाठी ९०,००० रुपये सांगितले आहेत. मावसभाऊ म्हणतो, चार-दोन अभिप्राय आपणच लिहून टाकू. पती म्हणतात, पुरे झाले, बंद करून टाक. ‘ग्राहक आपोआप येतील इतकी वेबसाइट आकर्षक करण्यासाठी मी नेमके काय करू? की यांचे म्हणणे बरोबर आहे?’ असे त्या विचारतात.

उत्तर

सप्रेम नमस्कार, ताई.

पैशांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण एजन्सीचे फोन तुम्हाला रोज येत असतील. ९०,००० रुपये आत्ता खर्च करू नका, आणि वेबसाइट बंदही करू नका. हे का म्हणतो ते सांगायला मला बरीच जागा लागणार आहे. परंतु तोपर्यंत कुणाला आगाऊ रक्कम देऊन बसू नका, एवढ्यासाठी हा निकाल पहिल्याच ओळीत दिला.

तुमच्या प्रश्नातल्या एका शब्दापाशी मी अडलो. तो शब्द ‘आपोआप’. मी काही वर्षे सुताच्या व्यापारात काढली आहेत. नवे गिऱ्हाईक उधारीवर माल मागू लागले, की आमच्या पेढीवरचे मुनीमजी भावाबद्दल बोलायच्या आधी विचारत, ‘तुम्हाला आमच्याकडे कुणी पाठवले?’ त्या उत्तरात जे नाव येई, त्यावर पुढचा सगळा व्यवहार ठरे. तुम्ही तर ग्राहकाकडे उधारीपेक्षा मोठी गोष्ट मागता. ‘माझे वडिलांशी पटत नाही’, ‘कामगार माझे ऐकत नाहीत’, हे एखाद्या पस्तिशीच्या कारखानदाराने अनोळखी बाईंसमोर बसून सांगावे, अशी तुमची अपेक्षा आहे. असा माणूस गुगलच्या यादीतून पहिले नाव उचलून येत नाही. त्याला त्याचा सीए तुमचे नाव सांगतो, किंवा बहीण सांगते. आणि मग रात्री अकराच्या सुमारास, घरातले झोपल्यावर, तो फोनवर तुमचे संकेतस्थळ उघडून या बाईंना उद्या फोन करावा की नाही याचा विचार करतो. तुमच्या ७ ग्राहकांपैकी ५ जण याच वाटेने आले, हे तुम्हीच लिहिले आहे. तेव्हा संकेतस्थळाने ग्राहक खेचून आणावेत हा आग्रह सोडून, कुणाच्या तरी शब्दावर दारापर्यंत आलेला माणूस तिथून परत तर फिरत नाही ना, एवढेच आधी पाहू.

हे मनात धरले की ४०० हा आकडा फारसा महत्त्वाचा उरत नाही. गुगलची ‘सर्च कन्सोल’ नावाची विनामूल्य सोय आहे. तुमचे संकेतस्थळ एकदा तिला जोडले, की लोक कोणते शब्द शोधून तुमच्यापर्यंत आले ते दिसू लागते. भावाला ती जोडायला सांगा आणि एक महिन्यानंतर ती यादी त्याच्यावर न सोपवता स्वतः वाचा. माझा अंदाज असा आहे की तिथे ‘सोलापूर कोचिंग’, ‘बेस्ट कोचिंग’ असेच शब्द पुन्हा पुन्हा सापडतील, आणि नीटच्या बॅचबद्दलच्या फोनचे मूळही तिथेच मिळेल.

त्या फोनचा तुम्हाला वैताग आलेला पत्रातून जाणवतो, पण पालकांचा त्यात काही दोष नाही. आपल्याकडे ‘कोचिंग’ म्हणजे क्लास. तुमच्या भागात एका चौकात उभे राहिले तर या शब्दाच्या किती पाट्या दिसतात ते मोजून पाहा, त्यांतली एकही तुमच्या कामाची नसेल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांतही हा शब्द शिकवणी वर्ग आणि अभ्यासक्रमांच्याच अर्थाने आहे. पुण्यामुंबईच्या कंपन्यांमध्ये तुम्ही ज्या अर्थाने तो वापरत होता, तो अर्थ इथल्या बाजारात अजून आलेला नाही, आणि एकट्या तुमच्या वेबसाइटने तो येणार नाही. म्हणून पहिल्या पानावरून हा शब्द खाली उतरवा. तुमच्या शिक्षणाच्या माहितीत तो राहू द्या, कारण तिथे तो नेमका आहे. पण नावाखालच्या ओळीत तुम्ही कुणासाठी काय करता ते साध्या मराठीत लिहा. हीच चूक गुगलच्या नकाशावरील तुमच्या नोंदीतही झाली आहे. तिथे व्यवसायाचा प्रकार ‘कोचिंग सेंटर’ असा निवडलेला दिसतो. त्याऐवजी व्यवस्थापन सल्लागार किंवा करिअर मार्गदर्शन या अर्थाचे जे प्रकार यादीत आहेत, त्यांतला एक निवडा. तुम्ही घरून काम करता, तेव्हा घराचा पत्ता लोकांना दाखवायची सक्तीही नाही. पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवण्याची सोय त्या नोंदीत आहे. दहा मिनिटांचे काम आहे, आणि बारावीच्या पालकांचे फोन बहुधा याच दुरुस्तीने सर्वांत जास्त कमी होतील.

आता पहिल्या पानाबद्दल. तुमच्या पत्रासोबत संकेतस्थळाचा पत्ता होता, म्हणून ते मी दोनदा पाहिले; एकदा कार्यालयातल्या संगणकावर आणि एकदा सात रस्त्याच्या एका हॉटेलात बसून फोनवर. फोनवर पहिले चित्र पूर्ण दिसेपर्यंत माझा चहा आला होता. चित्र होते सूर्योदयाच्या वेळी डोंगरमाथ्यावर हात पसरून उभ्या असलेल्या एका परदेशी तरुणाचे, आणि त्यावर इंग्रजीत ‘अनलॉक युवर पोटेन्शियल’. सोलापुरात डोंगर नाही हे सोडून देऊ. पण पूर्ण पान वाचूनही तुम्ही कोण, कुठे असता, कुणाला मदत करता आणि भेटायचे कसे, यांपैकी एकाही गोष्टीचा मला पत्ता लागला नाही. त्याखाली सात सेवांची यादी आहे: नेतृत्व, करिअर, जीवन, पालकत्व, विद्यार्थी, महिला, ताणतणाव. रात्री अकरा वाजता फोन हातात घेऊन बसलेला तो कारखानदार ही यादी वाचतो, आणि त्याला वाटते की या बाई सगळ्यांच्याच आहेत, म्हणजे बहुधा माझ्या नाहीत.

याउलट तुमच्या पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही सहज लिहून गेला आहात: ‘मुलगा एमबीए करून आला, केबिनमध्ये बसतो, पण माग बिघडला की जॉबर (मागांची देखभाल करणारा कारागीर) अजूनही वडिलांनाच हाक मारतो, आणि वडीलही उठून जातात.’ ताई, हे वाक्य तुमच्या संकेतस्थळावर कुठेच नाही, आणि ते तिथल्या सगळ्या मजकुरापेक्षा सरस आहे. अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलचा कारखाना असलेल्या, किंवा गणवेश शिवून देणाऱ्या घरातल्या मुलाने वा मुलीने ते वाचले, तर या बाईंना आपले घर कसे ठाऊक, असे वाटून तो थांबेल. तुम्ही पत्र लिहिताना समोर एक माणूस धरला होता, म्हणून ते साधले. वेबसाइट लिहिताना समोर ‘मार्केट’ होते. पहिले पान पुन्हा लिहाल तेव्हा ते पत्रासारखे लिहा. आधी तीन-चार वाक्यांत ग्राहकाची अडचण त्याच्याच शब्दांत, मग तुम्ही त्यावर काय काम करता, किती भेटी लागतात, भेट कुठे होते, आणि शेवटी फोन क्रमांक. यापेक्षा अधिक पहिल्या पानावर काही नको.

‘इतके एकाच प्रकारच्या लोकांसाठी लिहिले तर बाकीचे जातील’, ही तुमची भीती मला समजते, आणि ती सर्वस्वी निराधार नाही. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती. मोठ्या महानगरात एका कोपऱ्यातल्या गरजेवरही व्यवसाय उभा राहतो, तसे इथे होईलच असे नाही. तरीही चादरीच्या दुकानात साडी मागणारे गिऱ्हाईक आले म्हणून कुणी पाटीवर साडी लिहीत नाही. असली तर आतून काढून दाखवतो. घरच्या धंद्यातली दुसरी-तिसरी पिढी ही तुमची पाटी होऊ द्या, कारण तुमच्या ७ पैकी ४ ग्राहक तिथलेच आहेत. नव्याने बढती मिळालेले अधिकारी हे दुसरे पान असू शकते. पालकत्व आणि विद्यार्थी मात्र काढूनच टाका. त्यात तुमचा अनुभवही नाही, आणि नीटवाल्यांना तुम्ही स्वतःच तिथून हाक मारत आहात.

भाषेबद्दल तुम्ही लिहिले आहे की मराठीत लिहिले तर काम ‘लोकल’ वाटेल आणि फी मिळणार नाही. यावर मी बराच विचार केला, कारण यात थोडे तथ्य आहे: निर्यात करणारा कारखानदार दिवसभर इंग्रजीत पत्रव्यवहार करतो आणि चकचकीत इंग्रजी पान त्याला परके वाटत नाही. पण तो तुमच्याकडे ज्या गोष्टीसाठी येणार, ती गोष्ट तो इंग्रजीत भोगत नाही. वडिलांचा अबोला आणि भावांमधली वाटणी या गोष्टी त्याच्या डोक्यात मराठीत, कन्नडमध्ये किंवा तेलुगूत चालतात. म्हणून मुख्य पान मराठीत ठेवा, आणि इंग्रजीचे पान वेगळे करून त्याचा दुवा वर द्या. अर्धे वाक्य इकडचे आणि अर्धे तिकडचे अशी सध्याची खिचडी नको, आणि यंत्राकडून भाषांतर करून घेऊन न वाचता चिकटवणे तर अजिबातच नको. माहेर अक्कलकोटकडचे असल्याने तुम्हाला कन्नड चांगले येते असे तुम्ही ओघात लिहिले आहे. या शहरात ती मोठी जमेची बाजू आहे, ती पहिल्या पानावर हवी. तेलुगू येत नसेल तर त्याबद्दल काही लिहू नका. एक तांत्रिक बाब इथेच सांगून टाकतो: तुमच्या ‘आमच्याविषयी’ पानावरचा एकुलता एक सलग मराठी मजकूर हा मजकूर नसून चित्र आहे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून त्याचा फोटो लावलेला दिसतो. शोधयंत्राच्या लेखी चित्रातली अक्षरे ही खऱ्या मजकुराच्या तोडीची नसतात, आणि फोनवर ती वाचताना बोटाने ताणावी लागतात. सगळे युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट उमटणाऱ्या अक्षरांत, पुन्हा टाइप करून घ्या.

आणखी एक. नावाखाली तुम्ही ‘पुणे, मुंबई, सोलापूर’ असे लिहिले आहे, आणि सोलापूर सर्वांत लहान अक्षरांत आहे. इथल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन घ्यावे लागले, कारण या गावाचे नाव दुसऱ्यांना वापरावेसे वाटत होते. आणि इथे राहून, इथल्याच माणसांसाठी काम करणाऱ्या तुम्ही ते नाव झाकता आहात. मुंबईत तुमचे कार्यालय नाही. जे नाही ते काढा.

ओळखीच्या पानावर तीन संस्थांची बोधचिन्हे ओळीने लावली आहेत. ती कशाची हे तुमच्या क्षेत्राबाहेर कुणालाही कळत नाही, त्यामुळे त्यांचा उपयोग शोभेपुरता उरतो. तुम्हाला इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची ‘एसीसी’ ही पातळी मिळाली आहे. तिच्यासाठी किमान ६० तासांचे प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. ‘१९९५ मध्ये स्थापन झालेल्या या आंतरराष्ट्रीय संस्थेचे हे प्रमाणपत्र असून त्यासाठी इतक्या तासांचे काम करावे लागते’, असे एक वाक्य लिहिले तर वाचणाऱ्याला त्याचे वजन कळेल. डोंगराच्या जागी तुमचा स्वतःचा, नेहमी बसता त्या टेबलापाशी, दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो हवा, स्टुडिओतला नको.

याच पानावर, तुमचे काम कुठे संपते तेही लिहा. ‘ताणतणाव’ हा शब्द वाचून एखादा असा माणूस येऊ शकतो, ज्याला मार्गदर्शनाची नव्हे तर उपचाराची गरज आहे. मी मानसोपचार देत नाही, त्यासाठी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे, आणि तातडीची वेळ असेल तर शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे, एवढे दोन ओळींत लिहावे. या ओळींमुळे ग्राहक कमी होईल असे तुम्हाला वाटेल. माझ्या मते जे पान स्वतःची मर्यादा सांगते, त्याच्या बाकीच्या मजकुरावर वाचणारा अधिक विश्वास ठेवतो.

मावसभावाची अभिप्राय लिहून टाकण्याची सूचना. ती त्याने आपुलकीने केली असेल, पण ती मुळीच स्वीकारू नका. खोटे अभिप्राय ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरते आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये त्यासाठी दंडाची तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या गावात ‘श्री. अमुक, उद्योजक, सोलापूर’ असे काल्पनिक नाव लिहिले, तर हे कोण, कुठले, यांचा माग कुठे चालतो, ही चौकशी दुसऱ्या दिवशी सुरू होईल. खरे अभिप्राय मिळवण्यातली तुमची अडचण मात्र खरी आहे: ग्राहकांना आपण कुणाकडे मार्गदर्शनासाठी जातो हे बाहेर कळायला नको असते. नाव न देता लिहू असे म्हणाल, तर तेही इथे तितके सोपे नाही. ‘चाटी गल्लीतील तिसऱ्या पिढीचे एक व्यापारी, ज्यांचे धाकट्या भावाशी मतभेद होते’, इतके लिहिले की अर्ध्या बाजारपेठेला नाव कळते. म्हणून ज्याला लिहायचे नाही त्याला पुन्हा विचारू नका. ज्याची हरकत नाही त्याचे शब्द त्याला आधी दाखवून, लेखी संमती घेऊन छापा. वर ज्या मार्गदर्शक तत्त्वांचा उल्लेख केला, ती शिकवणी वर्गांसाठी आहेत. पण यशस्वी विद्यार्थ्याचे नाव वा फोटो वापरायचा तर त्याची लेखी संमती निवड झाल्यानंतर घेतलेली असावी, ही त्यांतली अट मला फार शहाणपणाची वाटते. तुम्हीही संमती काम संपल्यावर मागा. सुरुवातीला, माणूस अडचणीत असताना मागू नका. आणि असा एकही अभिप्राय मिळाला नाही, तर त्या जागी तुम्ही गोपनीयता कशी पाळता ते सविस्तर लिहा: भेट कुठे होते, तिथे दुसरे कुणी असते का, वडिलांनी फी भरली तरी मुलाचे बोलणे वडिलांना सांगितले जाते का. हा शेवटचा प्रश्न तुमच्या प्रत्येक ग्राहकाच्या मनात असतो आणि तो बहुधा कुणी विचारत नाही. त्याचे उत्तर ठळक अक्षरांत असू द्या.

फी लिहावी की नाही, यावर तुमच्या क्षेत्रात दोन मते आहेत हे मला ठाऊक आहे. न लिहिण्याच्या बाजूने म्हणतात की आकडा आधी दिसला तर माणूस काम समजून न घेताच निघून जातो, आणि प्रत्येकाचे काम सारखे नसते. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण आपल्याकडचा माणूस फी विचारायला संकोचतो. आकडा आपल्या ऐपतीबाहेरचा निघाला तर फोनवर नाही म्हणावे लागेल, आणि ज्याने नाव सांगितले त्या सीएसमोर आपली शोभा होईल, या धास्तीने तो फोनच करत नाही. हा न केलेला फोन तुम्हाला कधीच दिसत नाही. म्हणून माझे मत लिहावी असे आहे. एका भेटीची फी, आणि साधारणपणे किती भेटी लागतात त्यावरून एकूण अंदाज. पहिली भेट तासाभराची व विनामूल्य देण्याची पद्धत मात्र बदला. ‘फुकट ते पौष्टिक’ मानणारे पुष्कळ असतात, आणि खरा गरजू त्या शब्दाने उलट साशंक होतो. त्याऐवजी वीस मिनिटांचे फोनवरचे बोलणे ठेवा, आणि त्यात आपले जमेल का एवढेच दोघांनी पाहायचे, असे स्पष्ट लिहा.

आता पुन्हा एजन्सी आणि तुमचे पती. वर सांगितलेल्या दुरुस्त्यांपैकी जवळपास सर्व लिखाणाच्या आहेत, आणि ते लिखाण तुमच्यावाचून कुणाला जमणार नाही. एजन्सी डोंगर बदलून समुद्र देईल. पुढेमागे तिच्याकडे जायचेच ठरले, तर तीन गोष्टी लेखी विचारा: संकेतस्थळाचा पत्ता कुणाच्या नावावर नोंदवला जाईल, मजकूर कोण लिहील, आणि दुसऱ्या वर्षापासून दरसाल किती पैसे लागतील. ‘गुगलवर पहिला क्रमांक मिळवून देऊ’ अशी हमी कुणी दिली तर तिथेच नमस्कार करा. अशी हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गुगलनेच आपल्या सूचनांत लिहून ठेवले आहे. सध्याचा पत्ताही मावसभावाच्या नावावर आहे का, ते पाहून घ्या आणि स्वतःच्या नावावर करून घ्या. त्याच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. तो नोकरीनिमित्त परदेशी गेला आणि नूतनीकरणाची आठवण करून देणारी ईमेल त्याने वाचली नाही, तर तुमची पाटी एका रात्रीत उतरेल. पानाचा वेग तपासायला गुगलचीच ‘पेजस्पीड इनसाइट्स’ ही विनामूल्य सोय वापरा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा असा तिचा निकष आहे, आणि तुमच्या बाबतीत तो डोंगर काढला की बहुतेक काम होईल.

पतींचे म्हणणे मी टाकाऊ मानत नाही. दोन वर्षांत ७ ग्राहक, हा हिशेब घर चालवणाऱ्या माणसाला दिसणारच. पण मला वाटते की ते वेबसाइटबद्दल बोलत असले, तरी हा व्यवसाय उभा राहील का, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कुठल्याही संकेतस्थळात नाही. त्यांच्यासमवेत बसून एक मुदत ठरवा. येत्या संक्रांतीच्या गड्ड्यापर्यंत, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेपर्यंत, असे म्हणू. तोवर एक साधी वही ठेवा. आलेला प्रत्येक फोन, तो कुणाच्या सांगण्यावरून आला, त्याने संकेतस्थळ पाहिले होते का, आणि पुढे भेट झाली का, हे चार रकाने त्यात भरा. ज्या दोन-तीन सीएंनी आणि जुन्या ग्राहकांनी लोक पाठवले, त्यांना या काळात स्वतः जाऊन भेटा आणि नवे पान त्यांच्या फोनवर दाखवा. मुदत संपल्यावर ती वही दोघांनी मिळून वाचावी. तेव्हा ते ‘बंद कर’ म्हणाले, तर निदान कशाच्या आधारे म्हणतात ते तुम्हा दोघांनाही माहीत असेल.

शेवटी संपर्काचे पान. तिथल्या अर्जात ११ रकाने आहेत; जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, वार्षिक उत्पन्न हे सगळे पहिल्याच ओळखीत विचारले आहे. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा ठरावीक कामाला जेवढी लागते तेवढीच माहिती मागावी या तत्त्वावर उभा आहे. तो नसता तरी हे रकाने काढा असेच मी सांगितले असते. नाव, फोन आणि ‘कोणत्या वेळी बोलणे सोयीचे?’ एवढे पुरे, आणि शेजारी थेट व्हॉट्सॲप उघडणारे बटण.

परंतु खरी गोष्ट वेगळीच आहे. ‘अर्ज कुणीच भरत नाही’ हे तुम्ही ठामपणे लिहिले, म्हणून ९ दिवसांपूर्वी मी तो अर्ज नावाच्या जागी ‘चाचणी’ असे लिहून, माझा खरा फोन क्रमांक देऊन भरला. ‘धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू’ असे उत्तर पडद्यावर आले. त्यानंतर आजपर्यंत फोन नाही, ईमेल नाही. तुमचे पत्र वाचल्यावर तुम्ही उत्तर टाळणाऱ्यांतल्या वाटत नाही, त्यामुळे तो अर्ज तुमच्यापर्यंत पोचलेलाच नसावा. दोन वर्षांपूर्वी भावाने जोडताना स्वतःचा एखादा जुना ईमेल पत्ता तात्पुरता दिला असेल आणि तो बदलायचा राहिला असेल, असे अनेकदा होते. नाहीतर सगळे अर्ज स्पॅममध्ये पडत असतील. हे आजच तपासा, बाकी सर्व दुरुस्त्यांच्या आधी.

त्या पेटीत जुने अर्ज निघाले, तर किती महिने उलटले याचा संकोच न करता प्रत्येकाला उत्तर लिहा, फोन न करता लिहाच, कारण त्यांचा फोन आता घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती असू शकतो. मजकूर असा ठेवता येईल: ‘नमस्कार. आपला निरोप तांत्रिक चुकीमुळे मला आज मिळाला. उशिराबद्दल क्षमस्व. तेव्हाची अडचण सुटली असेल तर आनंदच आहे. अजून बोलावेसे वाटत असेल, तर मी संध्याकाळी सहानंतर उपलब्ध असते.’ खाली नाव, फोन क्रमांक, आणि बाकी काही नाही. त्यांत ‘चाचणी’ नावाचा एक अर्ज असेल, त्याला उत्तर दिले नाहीत तरी चालेल.